डब्यातली पेटी

हा जो हातात दिसतोय ना, तो माझा कॉलेजातला टिफिनचा डबा, त्याचं मी वाद्य केलंय. झाकणाला बारा चौकोनी भोकं पाडलीयत, प्रत्येकी १४ मिलिमीटरची, त्यात कॉम्प्युटर कीबोर्डचे स्विच बसवलेत, डाव्या अंगठ्याखाली गेम कंट्रोलरला असते तशी जॉयस्टिक, वर एक नॉब, बाजूला सप्तक वर-खाली करायला दोन बारकी बटणं आणि मागून यूएसबी वायर निघते ती थेट मोबाइलला. डबा स्वतः आवाज काहीच करत नाही, हे आधीच सांगतो, कारण घरी येणारा प्रत्येक माणूस तो उचलून कानाला लावतो.

डबा फक्त निरोप पाठवतो, आवाज मोबाइलमधलं सिंथचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्याचं, ॲप काढतं. या निरोपांच्या भाषेचं नाव मिडी. भाषा जुनी आहे, १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेत नॅम नावाच्या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ असे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ एका वायरने जोडून दाखवले होते, एकावर वाजवलं की दुसरा पण वाजायचा. एका सुराला तीन बाइट लागतात: सूर सुरू झालाय, कुठला सूर, किती जोरात. पेटीवाल्यांच्या भाषेत मधली पांढरी एक म्हणजे ६०, तिच्या शेजारची काळी ६१, असं पुढे. मिडीच्या जुन्या पाच पिनांच्या वायरवरूनसुद्धा हे तीन बाइट साधारण एका मिलिसेकंदात पोचतात, तेव्हा वाजायला उशीर झाला तर मिडीला शिव्या घालू नका, उशीर बहुतेक वेळा मोबाइलमधेच असतो.

आत अर्डुइनो प्रो मायक्रो आहे, म्हणजे आपला कोड टाकता येतो असा बोटाएवढा बोर्ड. तोच का, तर त्याची एटीमेगा३२यू४ चिप यूएसबी स्वतः बोलते, मोबाइलला ती सरळ मिडीचं वाद्य म्हणून दिसते. अर्डुइनोच्याच साध्या नॅनो बोर्डाला हे जमत नाही, आणि मी आधी नॅनोच आणला होता, असो.

पहिलं व्हर्जन एका रविवारी तयार झालं आणि चक्क वाजलं पण. आई पेटी वाजवते, तिला दाखवलं. तिने सा, ग, प एकत्र दाबले आणि तोंड वाकडं केलं, म्हणाली, "अरे, यात कोमल ग कुठून आला?"

मी म्हटलं तुझा हात लागला असेल. हात लागला नव्हता. आता हे जवळून बघा. बारा बटणं तीन ओळी आणि चार उभ्या रांगांत आहेत, आणि बोर्डाच्या पिना वाचाव्यात म्हणून मी वायरींची जाळी केली होती, प्रत्येक ओळीला एक आणि प्रत्येक रांगेला एक, म्हणजे बारा वायरींऐवजी सातच. पहिल्या ओळीत सा, कोमल रे, रे, कोमल ग. दुसरीत ग, म, तीव्र म, प. आता सा, ग आणि प दाबा, चौकोनाचे तीन कोपरे झाले, करंट त्या तिघांतून वळसा घालून जातो आणि चौथा कोपरा दाबलाय असं चिपला वाटतं. चौथा कोपरा कोण? कोमल ग! शुद्ध गंधाराच्या उरावर बसलेला. याला घोस्टिंग म्हणतात आणि उपाय सोपा, प्रत्येक स्विचला एक डायोड, म्हणजे करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा बारका भाग, रुपया-दोन रुपयांचं काम. तर मी डायोड आणायला डोंबिवलीहून लोकल, दादरला बदलून ग्रँट रोड, मग इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराचा लॅमिंग्टन रोड असा निघणार, चप्पल पायात, आणि सहज पिना मोजल्या. बोर्डाला १८ आहेत. बारा स्विच, सप्तकाची दोन बटणं, जॉयस्टिकच्या दोन, नॉबची एक, झाल्या १७. अठरावी पाच पिनांच्या जुन्या वायरीसाठी. जाळीची गरजच नव्हती, व्हिडिओंत सगळे करतात म्हणून मी पण केली होती. चप्पल काढली आणि सगळं पुन्हा सोल्डर केलं.

पुढचा घोटाळा रात्रीचा. मी सा धरून ठेवला, धरलेला असतानाच सप्तक वर केलं आणि बोट उचललं, तर सा थांबेचना. आतून आई, "अरे बंद कर ते!" बंदच होईना तर काय करणार. झालं असं, की दाबताना डब्याने ६० चालू केला होता, पण सोडताना सप्तक बदललेलं, म्हणून त्याने ७२ बंद करायला सांगितलं. ६० ला कोणी थांब म्हटलंच नाही, तो बिचारा वाजत राहिला. आता बारा खणांची एक यादी ठेवलीय, बटण दाबताना जो आकडा पाठवला तो त्याच्या खणात लिहायचा आणि सोडताना तोच बंद करायचा. शिवाय दोन्ही सप्तक बटणं एकदम दाबली की निरोप क्रमांक १२३ जातो, म्हणजे सगळे सूर गप्प.

नॉबचं थोडक्यात. हात न लावता तो ६३, ६४, ६३, ६४ असं पाठवत बसायचा. मधल्या पिनेवरून ग्राउंडला १०४ लिहिलेला कपॅसिटर टाकला, तो ही थरथर शोषून घेतो, आणि कोडमधे सांगितलं की आकडा नीट सरकल्याशिवाय बोलायचं नाही. यूएसबीचं सॉकेट या बोर्डांवर पटकन उखडतं, म्हणून त्यावर हॉट ग्लूचा गोळा आहे, दिसायला घाण पण टिकलाय.

मग आईने विचारलं, "यात मींड निघते का?" म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. पेटीत निघत नाही हे तिचं आयुष्यभराचं दुखणं, आकाशवाणीवर पेटीला १९४० ते १९७१ बंदी होती त्याचं हेही एक कारण सांगायचे. मिडीत सूर वर-खाली सरकवायला पिच बेंड आहे, मधोमध ८१९२, खाली शून्य, वर १६३८३. जॉयस्टिक मधेच सोडली तरी ती बरोब्बर मध्यावर कधीच येत नाही, मग सूर किंचित बेसूर राहतो, तर डबा सुरू होताना मध्य मोजून घेतो आणि आजूबाजूचं थोडं अंतर मेलेलं धरतो. हे झालं, तरी मींड लागेना. पूर्ण ढकलली तर सूर दोनच पट्ट्या सरकतो, मूळ सेटिंगच तसं असतं, आणि भूप रागातली प वरून ग वर येणारी मींड तीन पट्ट्यांची.

आधी मी उत्साहात बारा पट्ट्या केल्या, अख्खं सप्तक. केस एवढा अंगठा हलला तरी सूर कुठच्या कुठे, सायरन नुसता. मग तीनच केल्या, आणि गंमत झाली: काठी टोकाला टेकली की आपोआप ग. वरच्या सा वरून ध सुद्धा तीनच, ती पण लागते. दुसऱ्या रागाला आकडा बदलावा लागतो, आणि काही ॲप डब्याने सांगितलेलं ऐकत नाहीत, त्यांत जाऊन हाताने तीन टाकायचे.

(इथे आईचा हात दाखवायचा, चेहरा नको म्हणालीय.)

आई भूप वाजवताना एक लक्षात आलं. ती प वरून ग वर छान उतरत होती, पण तिचा डावा अंगठा मींड नसताना पण पुढे-मागे, पुढे-मागे हलत होता. मी म्हटलं काय करतेयस, म्हणाली काही नाही, सवय. जॉयस्टिकची ती दिशा मी कंपनासाठी ठेवली होती, मिडीचा नियंत्रण क्रमांक १, कोणी वापरत नव्हतं. त्या रात्री कोडमधे १ खोडून ११ केला, म्हणजे आवाजाचा चढउतार. सकाळी तिला काही न सांगता डबा हातात दिला. दोन आलाप झाल्यावर थांबली, अंगठा एकदा मुद्दाम हलवून पाहिला, आणि म्हणाली, "भाता बसवलास होय."