शाळेचा तक्ता, दवाखान्याचा फॉर्म आणि दत्तक लेकरू

मंडळी, नागपुरात दत्तक म्हटलं की महाल भागातल्या जुन्या माणसांना भोसल्यांची गादी आठवते. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, पोटी मुलगा नव्हता. राण्यांनी घेतलेला दत्तक इंग्रजांनी मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. तेव्हाचा दत्तक गादीसाठी असे. आज माणसं लेकरासाठी दत्तक घेतात, पण नातेवाईक, शाळा, दवाखाने अजून वंशच विचारतात. दत्तक मूल वाढवताना सगळ्यात जास्त झगडावं लागतं ते याच्याशी, असं माझं ठाम मत आहे.

आमची लेक घरी आली तेव्हा अडीच वर्षांची होती. आज तिला विचारूनच बोलते आहे. घरी यायच्या आधीचं जे आहे ते तिचं. मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. इथल्या दत्तक आईबापांना हात जोडून सांगते, ते कुणापाशी बोलू नका. हळदीकुंकवात एकदा निघालेली गोष्ट परत पोटात घालता येत नाही.

दुसरीत असताना शाळेतून प्रकल्प आला: तीन पिढ्यांचा वंशवृक्ष आणि जन्मानंतरचा पहिला फोटो. आजी-आजोबांची नावं तिने भराभर लिहिली, फोटोपाशी अडली. तसा फोटो आमच्याकडे नाहीच. बाईंना भेटले, तर त्या म्हणाल्या, “कुठल्याही बाळाचा लावून द्या ना, कोणाले समजते?” सात वर्षांच्या पोरीने स्वतःबद्दल खोटं चिकटवून आणायचं! मी थेट मुख्याध्यापिकांकडे गेले. “एका मुलीसाठी विषय बदलायचा का?” असं त्यांनी विचारलं. एकीसाठी कशाला? त्याच वर्गात वडील गेलेला मुलगा होता, आजीकडे राहणारी मुलगी होती, आई-वडील वेगळे झालेली दोन भावंडं होती. त्या सगळ्यांनी काय चिकटवायचं? बराच वाद झाला. शेवटी विषय ‘माझ्या घरची माणसं’ असा झाला आणि फोटो कोणत्याही वयाचा चालेल असं ठरलं. लेकीने घरी आली त्या दिवसाचा लावला. इथे शिक्षक बसले असतील तर एवढा एक बदल उद्याच करा, त्याला पैसा लागत नाही.

शेजारच्या आजी मला म्हणायच्या, “काहून सांगतं व पोरीले? मोठी झाली का निघून जाईन ना!” त्यांची माया खरी होती, सल्ला मात्र घातक. मूल कळतं व्हायच्या आधीपासून, झोपताना गोष्ट सांगतो तसं सांगत राहावं. योग्य वेळेची वाट पाहत बसलात तर लग्नाच्या पंगतीत एखादा चुलतभाऊच सांगून टाकतो. मग मुलाला दत्तक असण्यापेक्षा तुम्ही लपवल्याचं जास्त लागतं.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. किशोरवयावर बोलायचं कबूल केलं होतं, तर भराभर सांगते.

मोठं होऊन आलेलं मूल उशाखाली पोळी लपवतं, तुम्ही टिकता का ते पाहायला तुमच्यावर चिडतं. रागावू नका, त्याच्या हाताशी खाऊचा डबा ठेवा. दत्तक दिल्यानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणी होते. त्या दिवशी घर आवरून ‘सगळं छान’ म्हणू नका. सामाजिक कार्यकर्तीला अडचणी सांगा, ती त्यासाठीच येते.

दवाखान्याच्या फॉर्मवर घराण्यातले आजार विचारतात, तिथे सरळ ‘माहीत नाही’ लिहा. आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, बराच आहे. मुलाची ती तपासणी झाली आहे का ते कागदात पाहा, नसेल तर करून घ्या.

आणि चौदा-पंधराव्या वर्षी ‘मला का सोडलं?’ हा प्रश्न येतोच. जन्मदात्रीला वाईट म्हणू नका, उत्तर बनवूनही सांगू नका. २०२२ च्या दत्तक नियमांप्रमाणे अठरा वर्षांनंतर मूल स्वतः आपल्या मुळाची माहिती मागू शकतं, त्याआधी आईबापांसोबत. जन्मदात्यांनी ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर ती मिळेलच असं नाही, हेही आधीच सांगून ठेवा. अर्ज करताना मात्र शेजारी बसा.

आता प्रश्न घेते. नोंदणी करून वाट पाहणारी जोडपी मागे बसली आहेत, माईक आधी त्यांच्याकडे द्या.