तोंड आलंय? आधी गोळ्यांची पट्टी बघा

तोंड आलं की आपल्याकडे निदान ठरलेलं: उष्णता झाली. मग जाईचा पाला चघळायचा, गुलकंद खायचा, मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्स आणायचं. साधं तोंड येणं आठवड्या-दोन आठवड्यांत जातंही.

पण घरात कुणाला संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल, तर पाल्याआधी गोळ्यांची पट्टी बघा.

ही छोटी, पिवळसर गोळी. या आजारांत ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या मात्र रोजच्या. त्यात जोडीला दिलेली फोलिक अ‍ॅसिडची गोळीही बऱ्याचदा पिवळी आणि एवढीशीच. डबीत दोन्ही सुट्या पडल्या की अदलाबदल होते, आणि आठवड्याचं औषध रोज पोटात जाऊ लागतं. काही दिवसांत तोंड आतून सोलवटतं, पाणीसुद्धा झोंबतं.

नवी पेशी घडायला फोलेट हे बी-गटातलं जीवनसत्त्व लागतं, आणि मेथोट्रेक्सेट त्याच कामात आडवं येतं. तोंडाचं अस्तर आणि हाडांमधला मगज, दोन्हीकडे नव्या पेशी सतत तयार होत असतात. म्हणून घाव तिथे आधी बसतो. तोंडातला घाव दिसतो. मगजातला दिसत नाही. तिकडे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटत जातात, आणि एरवी किरकोळ वाटणारा जंतुसंसर्गही जिवावर बेततो.

फोलेटच्या शोधाची वाट मुंबईतून गेलीय. १९२८ साली ब्रिटिश संशोधक डॉ. लूसी विल्स इथे आल्या. गिरणगावातल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेतून काम केलं आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवलं. अर्कातला तो घटक पुढे फोलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला.

डोस बरोबर असूनही तोंड येऊ शकतं. मूत्रपिंड मंदावलं, जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी झालं, किंवा मध्येच कोट्रायमोक्साझोल हे जंतुनाशक औषध सुरू झालं, तर औषध अंगात साठतं किंवा त्याचा त्रास वाढतो. आजी-आजोबांच्या बाबतीत हे फार जपावं लागतं.

अशा वेळी पुढची गोळी देण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) लगेच तपासावं लागतं. ताप असेल, अंगावर काळेनिळे डाग असतील, तर थेट हॉस्पिटल गाठा; तिथे फोलिनिक अ‍ॅसिड हा उतारा देता येतो, आणि तो जितका लवकर तितका गुणकारी. जाताना सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. किती गोळ्या पोटात गेल्या, हे त्यांवरूनच मोजता येतं.