हॉटेल बंद, मेस चालू

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत विषय छापलाय ‘संकटकाळातील मनुष्यबळ व्यवस्थापन’. मी बोलणार आहे हॉटेलच्या माळ्यावर झोपणाऱ्या पोरांबद्दल.

पुण्याला संकटं नवी नाहीत. 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लू, 2010 च्या फेब्रुवारीत जर्मन बेकरीतला स्फोट आणि 9 मार्च 2020 ला राज्यातले करोनाचे पहिले रुग्ण, तेही आपल्याकडेच. पहिला नंबर सोडायचा नाही, हा आपला बाणा! विद्यार्थी हसले. मागच्या रांगेतले हॉटेलमालक अजून विचार करताहेत.

तर लॉकडाऊन. एका बड्या हॉटेलच्या मालकांनी (नाव घेत नाही, त्यांचे व्याही इथे असायचे) ग्रुपवर टाकलं, ‘आपण एक कुटुंब आहोत, कोणाचाही बेसिक, म्हणजे मूळ पगार, कापणार नाही.’ खाली टाळ्याच टाळ्या. अहो, पण वेटर बेसिकवर जगतो का? बेसिक जातो उचल फेडण्यात. गावी पैसे जातात ते टिपचे आणि सर्व्हिस चार्जचे. गिऱ्हाईकच नाही, तर ते कुठून येणार? म्हणजे ‘पूर्ण पगार’ म्हणून जे जाहीर झालं, ती मुळातच कपात होती.

पुढे आठवडाभरात गॅस वाचवायला साहेबांनी स्टाफची मेस बंद केली. पोरं ओडिशाची, नेपाळची. राहायला माळा, जेवायला मेस. बाहेर खानावळी बंद, चौकात पोलीस. भटारखान्यातला एक मुलगा मला फोनवर म्हणाला, “सर, फ्रीजमध्ये पनीर आहे, पण फ्रीजला कुलूप आहे.” मेमध्ये श्रमिक गाड्या सुरू झाल्या आणि माळा रिकामा झाला. 5 ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेनं हॉटेलं उघडली, तेव्हा हेच साहेब मला विचारतात, “तुमच्याकडे एखादा तंदूरवाला जास्तीचा आहे का हो?”

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतात, म्हणजे तीन.

भराभर सांगतो. आधी बँक्वेट बंद करा, एसी बंद करा, मेस सगळ्यात शेवटी. पगार कापायचाच तर वरून कापत या, आणि आकडा नि तारीख स्वतः समोर उभं राहून सांगा, ग्रुपवर नको.

दुसरं, ईएसआयसी, म्हणजे कामगारांच्या विम्याचं सरकारी महामंडळ. 2020 मध्ये त्यांच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा बेकारी भत्ता सरासरी मजुरीच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्के केला होता, 90 दिवसांपर्यंत. पण वर्गणी भरलेल्यालाच. हंगामी म्हणून ज्याला मस्टरवरच घेतलं नाही, त्यानं कोणाकडे मागायचं? टूरचे ड्रायव्हर आणि गाईड बहुतेक याच गटातले, त्यांच्यावर खरं तर वेगळं बोलायला हवं होतं.

आणि हो, 26/11 ला पाहुण्यांना वाचवणाऱ्या ताजच्या कर्मचाऱ्यांचं उदाहरण तुम्हा विद्यार्थ्यांना शिकवतात. जरूर शिका, पण परीक्षेत डाळभातावरही प्रश्न काढा म्हणावं.

अध्यक्ष उठलेच. बाकीचं चहाच्या वेळी विचारा. मालक मंडळी, तुम्हीसुद्धा.