आधी लोखंड, मग सायकल

गोव्यातल्या फोंड्याच्या या व्यायामशाळेचे शटर पहाटे पावणेसहाला वर जाते. बाहेर अजून अंधार आहे. वळणावरून पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू ऐकू येतो आणि विरतो. आत येणाऱ्या पहिल्या चारपाच जणांत ४६ वर्षांच्या एक शिक्षिका आहेत. शिगम्यानंतर त्या इथे प्रथम आल्या, तेव्हा वजन उतरवायचे तर धावायचे आणि वजने उचलायची ती अंग भरण्यासाठी, असाच त्यांचा समज होता, आणि म्हणून त्या थेट ट्रेडमिल गाठत. आता त्या ट्रेडमिलवरून पुढे जातात आणि बारपाशी थांबतात.

बार २० किलोचा आहे, दोन्ही टोकांना १५-१५ किलोच्या प्लेट आहेत. तळव्यांना खडूची पूड लावताना बोटांच्या मुळाशी पडलेले चार पिवळसर घट्टे दिसतात. पावले कमरेइतक्या अंतरावर, नडगी बारला टेकलेली, पोटात घट्ट धरलेला श्वास, "ताई, पाठ सरळ" एवढेच प्रशिक्षकाचे सांगणे, आणि मग नडग्यांना घासत, गुडघ्यांवरून वर सरकत बार मांड्यांपाशी येऊन थांबतो. खाली ठेवतानाही तो टाकायचा नाही, आवरत न्यायचा. ही डेडलिफ्ट. अशी आठ आवर्तने, दोन-तीन मिनिटांची विश्रांती आणि पुन्हा आठ. पाऊण तास त्या याच कामात असतात, आणि या पाऊण तासात व्यायामाच्या सायकलकडे कोणी पाहत नाही.

हा क्रम का, हे समजून घेतले पाहिजे. खाण्यातून मिळणारे उष्मांक खर्चापेक्षा कमी पडू लागले, की शरीर चरबी वापरते. परंतु ते केवळ चरबीवर थांबत नाही, फारसे काम न पडणाऱ्या स्नायूंतली प्रथिनेही मोडू लागते. वजन उचलणे म्हणजे हे स्नायू अजून लागणार आहेत, असे शरीराला पुन्हा पुन्हा बजावणे होय. ते बजावणे परिणामकारक व्हायचे, तर वजन जड हवे, आणि जड वजन ताज्या अंगानेच नीट उचलता येते. बार उचलण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात स्नायू मुख्यतः स्वतःत साठवलेल्या साखरेवर, म्हणजे ग्लायकोजेनवर, चालतात. आधी पाऊण तास धावून तो साठा उपसला आणि पाय थकवले, तर बारवरच्या प्लेट कमी कराव्या लागतात आणि पाठही वाकू लागते.

१९८० साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाचा दहा आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. केवळ वजने उचलणाऱ्या गटाची ताकद अखेरपर्यंत वाढत राहिली. वजनांच्या जोडीला आठवड्यातले सहा दिवस कसून सायकल आणि धावणे करणाऱ्या गटाची ताकद सातव्या आठवड्याच्या सुमारास थांबली आणि शेवटी घसरली. त्यावरून कार्डिओ, म्हणजे धावणे-सायकलसारखा दमसासाचा व्यायाम, स्नायू खातो असे पसरले, ते बरोबर नाही. त्या प्रयोगातला भार फार मोठा होता. कार्डिओ मापात ठेवावा, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट इथे स्पष्टच सांगायला हवी. वजनांनंतर ग्लायकोजेन संपलेले असते, म्हणून पुढच्या सायकलीत चरबीच जळते, असे व्यायामशाळांतून ठामपणे सांगितले जाते. त्या वेळी चरबीचा वाटा थोडा वाढतो, हे खरे. पण चरबी किती उतरली, हे दिवसा-आठवड्यांच्या उष्मांकांच्या एकूण तुटीवर ठरते. वजने आधी घ्यायची ती त्यांचा दर्जा राखण्यासाठी.

आता सायकल. पंचवीस मिनिटे, आणि वेग इतकाच की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. धावताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असताना भार झेलतो आणि त्यातून तो दुखावतो. पेडलवर तो आघात नाही, म्हणून आधीच थकलेल्या पायांना सायकल सोसते. रविवारी त्या पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर चालतात. पडद्यावर दिसतात त्या त्यांच्या पाऊलखुणा, लाटेने भिजवून घट्ट केलेल्या वाळूवरच्या. सुक्या, भुसभुशीत वाळूत चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून अधिक ऊर्जा लागते, आणि शनिवारी पायांची वजने झालेली असतात, म्हणून त्या पाण्याची कड सोडत नाहीत.

मग बाजार. पाऊस सरला आहे, टोपलीत बांगडे चकाकत आहेत. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ९६ ग्रॅम, आणि बांगड्याच्या १०० ग्रॅम मासात ती साधारण १९ ग्रॅम मिळतात. सोमवारी घरात शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, असते. त्या दिवशी अळसांद्यांचे तोणाक (चवळीची रसभाजी), मूग आणि दही. उकड्या तांदळाचा भात ताटात आहे, फक्त तो पूर्वीपेक्षा एक डाव कमी आहे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक, तेव्हा रोज चारशेची तूट ठेवली तर एक किलो उतरायला जवळजवळ तीन आठवडे लागतात. याहून घाई करणाऱ्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की उपाशी राहून तुटीत भर घालू नका. त्यात स्नायूंचाही बळी जातो.

ही त्यांची नोंदवही. पहिल्या पानावर देहाचे वजन ६८, डेडलिफ्ट ३०. शेवटच्या पानावर ६२ आणि ५०.

सायकलवरून उतरून त्या पाणी पितात, ओल्या बोटांनी पेन्सिल धरतात आणि पुढच्या आठवड्याच्या रकान्यात ५२.५ लिहितात. बाहेर उजाडले आहे. सव्वासातला त्यांची शाळेची बस आहे.