सिस्टर विचारतात, मंगळवार कसा गेला?

(दृश्य: बीपीचा पट्टा, टेबलावर कागद)

हार्टच्या पेशंटची उदासीही सिस्टर कशी सांभाळू शकतात, ते आज बघू. हा हात बघा. पट्टा बांधेपर्यंत सिस्टर काकांशी बोलत होत्या, आता मशीन चालू झालं की दोघंही गप्प, कारण बोलताना घेतलं तर बीपी वर दिसतं. आकडा लिहून झाला की पुढे येतो हा कागद. नऊ प्रश्न आहेत. गेल्या 2 आठवड्यांत कशात मन लागलं का, झोप कशी आहे, भूक लागते का, जीव नकोसा वाटतो का. प्रत्येकाला 0 ते 3 मार्क, एकूण 27. बेरीज 10 किंवा वर गेली की डिप्रेशनची शंका धरायची, आणि शेवटच्या प्रश्नाला शून्याच्या वर काही आलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, बेरीज कितीही असो.

(दृश्य: गोळ्यांची डबी, जवळून)

सात खणांची डबी, वारांप्रमाणे. मंगळवारचा खण भरलेलाच आहे. इथे "गोळी का नाही घेतली?" असं विचारलं की माणूस खोटं बोलतो, हे कुठल्याही सिस्टरला विचारा. या विचारतात, "काका, मंगळवार कसा गेला?" मग कळतं की त्या दिवशी काका अंथरुणातून उठलेच नव्हते. हार्टच्या गोळ्या डबीत तशाच पडल्या, आणि त्यामागे होती उदासी. पुढच्या वेळेपर्यंत एकच काम दिलंय: रोज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जायचं, तेवढंच.

हा प्रसंग आपण पद्धत कळावी म्हणून उभा केलाय, पण पद्धत खरी आहे.

(दृश्य: सिएटल, पाऊस, फेरीबोट)

हे सिएटल, अमेरिकेतलं. शॉट्स तिथे राहणाऱ्या मित्राने मोबाइलवर काढलेत म्हणून थोडे हलतात. याच वॉशिंग्टन राज्यात 2007 पासून सायकियाट्रिस्ट डॉ. वेन केटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'टीमकेअर' नावाचा प्रयोग केला. 14 दवाखाने, 214 पेशंट, सगळ्यांना डिप्रेशन आणि सोबत हृदयविकार किंवा डायबेटिस किंवा दोन्ही. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांची जबाबदारी सिस्टरांकडे. दर 2-3 आठवड्यांनी गाठ किंवा फोन, ज्यांना गरज त्यांना घरी बीपीचं मशीन.

(दृश्य: मीटिंग)

आता हे टेबल नीट बघा, कारण सगळी गंमत इथे आहे. आठवड्यातून एकदा सिस्टर फाइली घेऊन बसतात आणि समोर सायकियाट्रिस्ट, फिजिशियन, सायकॉलॉजिस्ट. ज्याचे आकडे हलत नाहीत त्याची फाइल आधी. डोस वाढवायचा का, गोळी बदलायची का, तिथेच ठरतं, मग सिस्टर ते पेशंटच्या नेहमीच्या डॉक्टरांना कळवतात आणि प्रिस्क्रिप्शन तेच लिहितात. "बघू पुढच्या महिन्यात" हे वाक्यच नाही. आपल्याकडे सिस्टर म्हणजे सलाइन, इंजेक्शन आणि रजिस्टर, आणि रजिस्टर भरता भरता ड्युटी संपते, त्यांचं मत विचारतो कोण?

नुसता फोन करून भागतं का, तर नाही. कॅनडात मॉन्ट्रियलला हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 1,376 जणांवर असा प्रयोग झाला होता, 1997 मध्ये छापून आला: दर महिन्याला फोन, मन अस्वस्थ वाटलं तर नर्स घरी. मृत्यू काही कमी झाले नाहीत. तिथलं फुटेज आपल्याकडे नाही, त्यामुळे एवढंच.

सिएटलमध्ये वर्षभराने नर्सवाल्या गटाचं डिप्रेशन उतरलं, बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर तिन्ही दुसऱ्या गटापेक्षा आटोक्यात. मृत्यू कमी झाले का हे सांगण्याइतका प्रयोग मोठा नव्हता. खर्च माणशी साधारण 1,224 डॉलर.

(दृश्य: भारताचा नकाशा)

भारतात याच धर्तीवर दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि विशाखापट्टणमला 404 डायबेटिसच्या पेशंटवर काम झालं, 2020 मध्ये निकाल आला, चांगला आला. तिथे हे काम डॉक्टर नसलेल्या कोऑर्डिनेटरनी केलं. महाराष्ट्रातलं एकही सेंटर त्यात नव्हतं. इथे करायचं तर पहिली गोष्ट सिस्टरच्या ड्युटी चार्टमध्ये फोन आणि मीटिंगचे तास लिहून द्यावे लागतील, रजिस्टरच्या कामातून वजा करून.