रेंडर केल्यावर फुटेज फिकट का पडतं? ब्लेंडरमधला गॅमा आणि कलर स्पेस

नमस्कार मंडळी! ग्रीन स्क्रीनबद्दल व्हिडिओ टाकला, वाटलं की कीइंगबद्दल, म्हणजे हिरवा पडदा काढण्याबद्दल, प्रश्न येतील. आले ते सगळे हेच: "दादा, फुटेज कंपोझिटरमध्ये टाकलं, एकही नोड लावला नाही, रेंडर केलं, तरी रंग फिके का?" म्हणून आज फक्त एवढंच. नवीन मंडळींसाठी: ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर, कंपोझिटर म्हणजे त्यातला चित्रं एकत्र करायचा भाग, आणि नोड म्हणजे तिथली एकेक प्रक्रियेची पेटी.

मूळ गोष्ट पटकन सांगतो, बऱ्याच जणांना माहीत असेल. फाइलमधले आकडे म्हणजे थेट प्रकाश नव्हे. डोळ्याला अंधारातले फरक जास्त जाणवतात, म्हणून व्हिडिओत आकडे वक्र करून साठवतात. तो वक्र म्हणजे गॅमा. ब्लर, डीफोकस, कडा मिसळणं ही गणितं मात्र सरळ प्रकाशावरच बरोबर येतात. म्हणून ब्लेंडर आत घेताना वक्र काढतो, लिनियरमध्ये, म्हणजे सरळ प्रकाशाच्या आकड्यांत, काम करतो, बाहेर सोडताना वक्र परत घालतो. झालं.

[स्क्रीनवर: रेंडर प्रॉपर्टीज, कलर मॅनेजमेंट, व्ह्यू ट्रान्सफॉर्म]

आता चोर इथे बसलाय. व्ह्यू ट्रान्सफॉर्म म्हणजे आतला प्रकाश स्क्रीनवर कसा दाखवायचा याची पद्धत. २०१९ साली २.८० आलं तेव्हा इथे फिल्मिक डिफॉल्ट झालं, २०२३ च्या ४.० पासून एजीएक्स. दोन्ही थ्रीडी रेंडरसाठी उत्तम आहेत. थ्रीडी सीनमध्ये प्रकाश १ च्या, म्हणजे स्क्रीनच्या पूर्ण पांढऱ्याच्या, कितीतरी वर जातो, आणि तो स्क्रीनवर बसवायला वरचा भाग दाबावा लागतो. पण तुमचं फोनचं फुटेज? कॅमेऱ्याने ते आधीच दाबून दिलंय. त्यातला सगळ्यात पांढरा पिक्सेल लिनियरमध्ये १, त्याच्या वर काहीच नाही. एजीएक्स त्या १ ला शुभ्र ठेवत नाही, करडा करतो. म्हणजे एकदा शिजलेला भात तुम्ही परत कुकरला लावला. फुटेजवर काम करताना इथे स्टँडर्ड निवडा. निम्म्या कॉमेंट्सचं उत्तर एवढंच आहे.

"पण दादा, मी गॅमा नोड लावून जुळवलं, चाललं की!" नाही चाललं. माझा एक मित्र लग्नाचे व्हिडिओ करतो. वरातीच्या फुटेजवर थ्रीडी आतषबाजी टाकली, सगळं फिकट झालं, म्हणून वर गॅमा, त्यावर कर्व्ह्ज. चेहरे जमले, पण भगवा फेटा गाजराच्या हलव्यासारखा दिसायला लागला. एजीएक्स उजळ, भडक रंगांची रंगत मुद्दाम उतरवतो, ती कुठल्याही गॅमा नोडने परत येत नाही. नोड सगळे काढले, स्टँडर्ड केलं, फेटा जागेवर. आतषबाजीची ताकद थोडी कमी करावी लागली, कारण स्टँडर्डमध्ये १ च्या वरचं सरळ कापलं जातं. मला तो सौदा मान्य आहे.

आता उरलेल्या निम्म्या कॉमेंट्स. इमेज किंवा मूव्ही क्लिपवर कलर स्पेसचा जो ड्रॉपडाउन असतो, तो लोक फिल्टरसारखा वापरतात. एकेक पर्याय फिरवायचा, बरा दिसेल तिथे थांबायचं. अहो, तो प्रश्न "कसं दिसायला हवं?" असा नाहीच. प्रश्न आहे "ही फाइल कशात साठवली होती?" याचं उत्तर फाइल जन्मली तेव्हाच ठरलं. तुमच्या आवडीला तिथे जागा नाही.

आकड्यांत बघा. ० ते २५५ मध्ये एका पिक्सेलची किंमत ११८ आहे. एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनचा नेहमीचा वक्र, सांगितलात तर ब्लेंडर त्याचा प्रकाश ०.१८ धरतो, म्हणजे फोटोग्राफीतला १८ टक्के करडा. त्याच पिक्सेलला लिनियर म्हणालात तर ०.४६ धरतो, अडीचपट उजेड! बाहेर पडताना ११८ चा १८१ होतो. फाइलमध्ये काही बदललं का? एक बिटही नाही. तुम्ही फक्त खोटं सांगितलंत आणि त्याने विश्वास ठेवला.

अजूनही पटत नसेल तर करून बघा. फुटेज आणा, व्ह्यू ट्रान्सफॉर्म स्टँडर्ड, थेट आउटपुटला जोडा, एक फ्रेम पीएनजीमध्ये काढा. ती परत आत घ्या आणि मिक्स नोड डिफरन्सवर ठेवून मूळ फ्रेमशी ताडा. जवळपास काळंकुट्ट दिसलं पाहिजे. बारीक दाणे दिसले तर घाबरू नका, तो डिथर, म्हणजे ब्लेंडरने मुद्दाम घातलेला बारीक नॉइज, असतो. पण चित्राचा आकार ओळखू येत असेल तर आत जाताना किंवा बाहेर येताना कुठेतरी खोटं बोललं गेलंय. नवीन प्रोजेक्ट सुरू केला की मी पहिल्यांदा हेच करतो, कीइंग नंतर.

न्यूक या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरवाले, तुमच्याकडे हाच ड्रॉपडाउन रीड नोडवर आहे. आफ्टर इफेक्ट्समध्ये इंटरप्रेट फुटेजमध्ये. नियम तोच. आणि नॉर्मल मॅप, रफनेस, डेप्थ या थ्रीडीच्या इमेज म्हणजे मोजमापाचे आकडे, ते रंग नाहीतच, त्यांना नॉन-कलर निवडा.

एकाने विचारलंय, "सोनीचं एस-लॉग३ फुटेज आहे, यादीत ते नावच नाही, मग फिल्मिक लॉग निवडू का?" नको! एस-लॉग३ हा सोनी कॅमेऱ्याचा स्वतःचा वक्र; दोन्हींत लॉग आहे म्हणून ते भाऊ होत नाहीत. आधी रिझॉल्व्ह या कलर सॉफ्टवेअरमध्ये कलर स्पेस ट्रान्सफॉर्म लावा. इनपुटला सोनीचा गॅमट, म्हणजे रंगांची व्याप्ती, आणि एस-लॉग३ असं खरं खरं सांगा, आउटपुटला लिनियर आणि रेक. ७०९, आणि ईएक्सआर सिक्वेन्स (१ च्या वरचा प्रकाशही जपणाऱ्या इमेज फाइलींची मालिका) काढा. ते ब्लेंडरमध्ये लिनियर रेक. ७०९ म्हणून उघडतं. आणि या फुटेजमध्ये १ च्या वरचा प्रकाश शिल्लक असतो, त्यामुळे इथे एजीएक्स चालतो. बघा, एजीएक्सशी माझं काही वैर नाही.

आयफोनवाल्यांसाठी वेगळं. आयफोन १२ पासून एचडीआर व्हिडिओ आला, त्यात एचएलजी नावाचा वेगळा वक्र असतो. त्याला एसआरजीबी म्हणून उघडलं की चित्र विचित्रच येणार. कंपोझिटिंगसाठी शूट करणार असाल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एचडीआर व्हिडिओ बंद करा, मग शूट करा.

मॅकवर क्विकटाइममध्ये एक आणि व्हीएलसीमध्ये दुसरं दिसतं, ही तक्रारही आहे. तिथे फाइल एकच, दोन प्लेअर तिचा टॅग वेगवेगळा वाचतात. त्यासाठी ग्रेड, म्हणजे रंगांची मांडणी, बदलू नका! क्विकटाइमला बरं दिसावं म्हणून गडद केलेला व्हिडिओ बाकी सगळीकडे काळवंडतो.

आणि कॉमेंटमध्ये नुसतं "रंग गेले, हेल्प" लिहू नका हो. कुठल्या कॅमेऱ्याने शूट केलं, कुठला प्रोफाइल, ड्रॉपडाउनमध्ये काय निवडलंय आणि व्ह्यू ट्रान्सफॉर्म काय आहे, एवढं लिहा. त्या डिफरन्सच्या फ्रेममध्ये काय दिसलं तेही. मग मला उत्तर देता येतं.