संत्री तर बरोबर दिसून राहिली!

नमस्कार श्रोतेहो. कॉम्प्युटरचा मॉनिटर बिघडला तर घरच्या घरी काय पाहायचं, यावर मला बोलायचंय. मुद्दा आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कोणी कुकर उतरवायला उठलं तरी हरकत नाही. आधी वायर, मग मॉनिटर. परत सांगतो: आधी वायर, मग मॉनिटर.

स्क्रीन काळी पडली की आपण काय करतो? मॉनिटरच्या डोक्यावर एक थाप हाणतो. जुन्या डबा टीव्हीची सवय, दुसरं काय! थाप राहू द्या, मॉनिटरच्या कोपऱ्यातला बारका लाइट पाहा. तो पेटतच नसेल तर प्लग पाहा, बोर्ड पाहा, भिंतीवरचं बटण पाहा. लाइट आहे आणि स्क्रीनवर 'नो सिग्नल' लिहून येतं, तर मॉनिटर ठीक आहे. तोच तर सांगून राहिला न बाप्पा, की माझ्यापर्यंत काही पोचलं नाही! आणि आपण त्या सांगणाऱ्यालाच उचलून दुकानात नेतो. कॉम्प्युटरकडून मॉनिटरला चित्र नेणारी वायर दोन्हीकडून काढून परत घट्ट बसवा. कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्र तयार करणारं कार्ड, असेल तर वायर त्या कार्डाच्याच पोर्टमध्ये हवी. बस.

आता मामाजींची गोष्ट.

माझे मामाजी राहतात नागपुरात सक्करदऱ्याला, बाग काटोलकडे. संत्र्याची. वय सत्तरच्या पुढे, पण बागेचा सारा हिशोब कॉम्प्युटरवर, एक्सेलमध्ये. मजूर, फवारणी, ट्रकचं भाडं, सगळं. मृग बहाराची तोड फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, आणि नेमकं फेब्रुवारीतच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. (नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तरी रस्त्यावर पंजाबचा किनू 'नागपुरी, नागपुरी' ओरडून विकणारे भेटतातच. सालीला नख लावा. आपली साल सैल असते, हातात येते. किनूची चिकटून बसते. असो.)

ऑपरेशननंतर धूळ नको म्हणून मामींनी त्यांची खोली धुऊन-पुसून घेतली. टेबल सरकवलं, कॉम्प्युटर उचलून ठेवला, परत लावला. काही दिवसांनी मामाजी हिशोबाला बसले आणि त्यांचा मला फोन.

"अबे, मले सारं पिवळं दिसून राहिलं."

"सारं म्हणजे, मामाजी?"

"एक्सेलचा कागद. हळदीत बुडवल्यासारखा."

मी विचारलं, भिंत कशी दिसते? भिंत पांढरी. मामींचं पातळ? जसं आहे तसं. मुलाला बोलावलं. त्यानं दारातूनच स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर बागेचा फोटो लावलेला, फांद्या वाकलेल्या, फळंच फळं. तो म्हणाला, "बाबा, संत्री तर बरोबर दिसून राहिली! तुमचा डोळाच अजून बसला नाही." मी स्वतःला हुशार समजतो, म्हणून नातवाला म्हटलं, स्क्रीनशॉट पाठव. आला. माझ्या फोनवर एक्सेलचा कागद दुधासारखा पांढरा! मीही निदान केलं, डोळा. मामाजी डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू निघाला की पिवळेपणा कमी होतो, वाढत नाही, डोळा उत्तम आहे. मग एका दुकानदाराला फोन केला. त्यानं न पाहताच सांगितलं, पॅनल गेलं, नवीन घ्या.

शेवटी रविवारी तर्री-पोहे खाऊन मी सक्करदऱ्याला पोचलो. पाहतो तर खरंच, कागद पिवळाधम्मक. तेव्हा जे पहिल्याच दिवशी फोनवर सांगायला हवं होतं ते केलं. मॉनिटरच्या खालचं मेनूचं बटण दाबलं. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट येतं ती चौकट. चौकटीतली अक्षरं पांढरीशुभ्र! पिवळ्या कागदावर पांढरी अक्षरं. ती चौकट मॉनिटर स्वतः काढतो, ती वायरीतून येत नाही. म्हणजे मॉनिटर चांगला. आणि स्क्रीनशॉट निघतो कॉम्प्युटरच्या पोटात, वायरीच्या अलीकडे. म्हणजे कॉम्प्युटरही चांगला. उरलं काय?

वायर! निळ्या तोंडाची ती जुनी व्हीजीए वायर, 1987 पासूनची जात. बाजूचे दोन स्क्रू सैल करून प्लग काढला आणि उजेडाला धरला. 15 पिना, पाच-पाचच्या तीन ओळी. पहिल्या ओळीत लाल, हिरवा, निळा, एकेका रंगाची एकेक पिन. तिसरी, निळ्याची, झोपली होती. पार आडवी. सफाईत कोणीतरी प्लग उलटा दाबला असणार.

लाल, हिरवा, निळा मिळून पांढरा होतो. निळा गेला की उरतं पिवळं. पण संत्र्याच्या रंगात निळा जवळपास नसतोच, म्हणून संत्री जशीच्या तशी! पानंही हिरवीच. आभाळाचा रंग गेला होता, पण मुलाला वाटलं फोटो संध्याकाळचा आहे.

कॉम्प्युटर बंद करून रिकामी रिफील घेतली, तिचं तोंड पिनेवर चढवलं आणि हळूच, अगदी हळूच, पिन उभी केली. झटका द्याल तर मोडते. प्लग बसवला, दोन्ही स्क्रू आवळले. कागद पांढरा झाला. मामाजी कागदाकडे पाहीचना. फोटोकडे पाहत म्हणाले, "आभाळ होतं का इथं?" मग मुलाकडे वळून, "डोळा तुहा तपासून घे आता."

तर मेनूचं बटण. रंग बिघडले तर मेनू उघडा. मेनूचे रंग ठीक तर मॉनिटर ठीक. मेनूही पिवळा तर मगच मॉनिटरवर संशय. आणि प्लगात मधल्या ओळीत एखादी पिन मुळातच नसते, ती मोडली म्हणून घाबरू नका.

काचेपलीकडून घड्याळ दाखवून राहिले, तेव्हा उरलेलं धावतं. आवाज येतो, चित्र नाही, तर अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर मागचा उजेड गेला, ते काम दुकानाचं. जुना डबा मॉनिटर घरी उघडू नका, प्लग काढला तरी आत करंट साठून असतो. कूलर आणि मॉनिटर एका एक्स्टेंशनवर नको. मोटर सुरू होताना वीज खाली येते आणि स्क्रीन डोळा मारते. म्हणून कूलर काढून एसी लावा असं मी म्हणत नाही. वाळ्याचा वास एसीला कुठून येणार!

आणि मामाजी ऐकत असतील तर एक निरोप. हिशोब जुळला असं कळलं. माझी संत्र्याची पेटी अजून पोचली नाही. नमस्कार.